पिसं कुठे गेली? दिंडोरीच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२४

सकाळी सकाळी मामाचा फोन. "तुझ्या त्या झूऑलॉजीचा काही उपयोग असेल तर ये इकडं. कोंबड्या एकमेकींना सोलायला लागल्यात."

एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय मिळत नव्हता. वर्गातले तिघं गोदावरीच्या पाण्यातले प्लवक मोजणार आहेत, चौथी मी होण्याच्या बेतात होते. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची एसटी धरली. फाट्यावर मामा मोटारसायकल घेऊन उभाच होता.

शेडमध्ये १८० तपकिरी लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या. सगळ्या तलंगा, २० आठवड्यांच्या, नुकत्याच अंड्यावर आलेल्या. पिंजरे नाहीत, खाली भाताचं तूस. शेपटीच्या बुडाशी उघडी लालसर कातडी दिसणाऱ्या मोजल्या: ४१. पाचसहा जणींची पाठही निघालेली.

मामाचं निदान: मस्ती आलीय. मामीचं: रक्ताची चटक लागली. आजीचं: मीठ कमी पडतंय. आजीचं निदान पुस्तकाच्या सगळ्यात जवळ जातं, कारण खाद्यात सोडियम कमी पडलं की कोंबड्या टोचाटोची करतात हे खरंच आहे. खाद्यातलं मीठ बघितलं, ते बरोबर निघालं. आजीला अजून सांगितलेलं नाही.

मामी म्हणाली, "बाकी शेड बघ कशी स्वच्छ असते आपली. एक पीस दिसायचं नाही खाली." मीही मान डोलावली.

२ ऑक्टोबर

आज सुट्टी, दिवसभर शेडमध्ये स्टुलावर. पहिला तास फुकट गेला, कारण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. एकीने चपलेचा अंगठा तपासला.

मग कळायला लागलं की टोचणं एकच नाही. तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही वेगळ्या लिहायला हव्यात.

एक, भांडण. समोरून येऊन डोक्यावर, तुऱ्यावर चोच. जिला बसते ती दबते किंवा पळते. यात पिसं जात नाहीत आणि मामाच्या तक्रारीशी याचा संबंधही नाही. कोण वर, कोण खाली हे ठरवायचा हा जुना व्यवहार.

दोन, हळू टोचणं. पिसाच्या टोकाशी चाळा केल्यासारखं टुकटुक. जिला टोचतात ती लक्षही देत नाही, खात राहते.

तीन, जोरात. मागून येते, पीस मुळाशी पकडते, हिसडा देते. जिचं पीस जातं ती ओरडते, दोन पावलं पुढे जाते. राग वगैरे काही नाही. उपटणारीची मान फुगलेली नाही, पिसं पिंजारलेली नाहीत. तुसात दाणा शोधताना जसा चेहरा असतो (कोंबडीला चेहरा असतो, दोन तास बसलं की दिसतो) अगदी तसाच.

म्हणजे 'मस्ती' बाद. हे भांडण नव्हे. १९८६ साली हॉलंडच्या ब्लॉखाउस यांनी हेच मांडलं होतं: जमिनीवर टोचण्याची जी ओढ आहे ती जमिनीवर भागली नाही की शेजारणीच्या अंगावर वळते. रानकोंबडीचा बहुतेक दिवस उकरण्यात आणि टोचण्यात जातो. आमच्या कोंबड्यांना खाद्य तयार, बारीक दळलेलं, भांड्यात. पोट भरायला थोडा वेळ पुरतो, पण चोच रिकामी राहते.

जिथे जोरात टोचणं जास्त दिसलं तिथल्या २० कोंबड्यांच्या पायात रंगीत, आकडे घातलेल्या रिंगा घातल्या. मामाने धरल्या, मी घातल्या. हातावर तीन ओरखडे.

६ ऑक्टोबर

निळी-३. हिच्यावर वेगळी नोंद करावीच लागेल.

१५ मिनिटांत ११ वेळा जोरात टोचलं, ११ वेळा वेगवेगळ्या कोंबड्यांना. बाराव्या वेळी पीस हाती लागलं. एवढंसं, मऊ, बुडाशी पांढरं. तिने ते तुसावर टाकलं नाही. चोचीत आडवं धरलं, दोनदा डोकं झटकून उभं केलं, देठाचं टोक आत घेतलं आणि मान वर करून गिळलं. जसा पाऊस पडून गेल्यावर गांडूळ गिळतात तसं. मग चोच तुसावर दोन्ही बाजूंनी पुसली आणि पुढची शेपूट शोधायला निघाली.

तेव्हा मामीचं वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला. शेड स्वच्छ नाहीये. कोंबडीची पिसं रोज थोडी गळतातच. १८० कोंबड्यांच्या शेडमध्ये तुसावर बारीक पिसं पडलेली असायलाच हवीत. ती नाहीत म्हणजे कोणीतरी खातंय. आधी खालची संपली, मग अंगावरची सुरू झाली.

संध्याकाळी विष्ठेत एका पिसाचा देठ सापडला. कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलाय. आईला दाखवू नये.

९ ऑक्टोबर

कॉलेजात. सरांना विषय आवडला, पण पहिलाच प्रश्न नेमका होता: "प्रकल्पाच्या नावात मेंदूतलं रसायन लिहिलंयस. मोजणार कसं?"

मोजणार नाही. कोंबडी मारून मेंदू काढायचा, ताबडतोब गोठवायचा, त्याचे भाग वेगळे करायचे, एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर चालवायचे. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी, यंत्र, पैसे, आणि वर मामाच्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या. तेव्हा वर्तन मी मोजणार, रसायन इतरांनी मोजलेलं वाचणार, आणि दोन्हींची गाठ कुठे बसते ते लिहिणार. सर म्हणाले चालेल, पण गाठ ओढून बांधू नकोस.

वाचलेलं इथे मांडून ठेवते, नाहीतर विसरेन.

सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना द्यायच्या निरोपांपैकी एक. तयार होतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. ट्रिप्टोफॅन शरीरात तयार होत नाही, खाद्यातूनच यावं लागतं. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींची ठाणी मेंदूच्या देठात, राफे केंद्रकांत, आणि तिथून त्यांचे धागे पुढच्या सगळ्या मेंदूत पसरलेले.

मोजताना नुसतं सेरोटोनिन किती आहे ते बघत नाहीत. चाळीत कांदा किती पडलाय यावरून बाजार कळत नाही, लासलगावला रोज किती आला आणि किती गेला यावरून कळतो. तसंच इथे. सेरोटोनिन वापरून झालं की त्याचा जो चोथा उरतो (५-एचआयएए) त्याचं सेरोटोनिनशी प्रमाण काढतात. तीच उलाढाल. डोपामिन या दुसऱ्या निरोपाचंही असंच.

२००२ मध्ये हॉलंडमध्ये व्हान हिअर्डेन आणि सहकाऱ्यांनी दोन वाणांची २८ दिवसांची पिल्लं तपासली. एक वाण खूप टोचणारा, दुसरा कमी. टोचणाऱ्या पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामिन दोन्हींची उलाढाल कमी निघाली. आता इथे कोणीही म्हणेल की कमी उलाढाल हे कारण कशावरून, परिणाम का नसेल? मीही म्हटलं. त्याचं उत्तर त्यांनी २००४ मध्ये दिलं. सेरोटोनिनच्या पेशींवर स्वतःचाच एक ब्रेक असतो. एस-१५५३५ नावाचं द्रव्य तो ब्रेक दाबतं. पिल्लांना ते दिलं, उलाढाल उतरली आणि टोचणं वाढलं. म्हणजे बाण निदान एका बाजूने तरी मेंदूकडून चोचीकडे जातो.

हे वाचून इतका आनंद झाला की म्हसरूळचा स्टॉप हुकला.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं वाटायला मामाकडे, आणि मामाने शेडच्या दारातच गाठलं. मी उत्साहात सगळं सांगून टाकलं. मामा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे डोक्यात केमिकल कमी पडतंय. मग ते केमिकल दे की. पाण्यातून दे."

मामा, सेरोटोनिन पाण्यातून देऊन उपयोग नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे, तिच्यातून ते पलीकडे जात नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यातच असतं आणि तिथेच राहतं. ट्रिप्टोफॅन मात्र जातं.

"मग ट्रिप्टोफॅन दे."

हा प्रयोगही झालेला आहे. १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या सॅव्हरी यांनी बँटम या बुटक्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात ट्रिप्टोफॅन बरंच वाढवलं, टोचण्याने होणारी इजा कमी झाली. २००४ मध्ये डच लोकांनी खाद्यात २ टक्के घातलं, हळू टोचणं कमी झालं. हळू. माझ्या निळी-३ ची जात ती नव्हे.

तरी हिशेब केला, मामाला हिशेबाशिवाय पटत नाही. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. १८० कोंबड्यांचं झालं जवळजवळ २० किलो. त्याचे २ टक्के म्हणजे रोज ४०० ग्रॅम शुद्ध ट्रिप्टोफॅन. लेअरच्या नेहमीच्या खाद्यात असतं त्याच्या दहापट. मामाने फोनवर कोणालातरी भाव विचारला आणि फोन ठेवून शेडकडे बघत राहिला. अंड्यांना सोन्याचा मुलामा द्यावा लागला असता.

"नेहमीच्या खाद्यात असतं म्हणालीस ना," तो म्हणाला. "आपल्या खाद्यात आहे का पण?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

१७ ऑक्टोबर

खाद्य मामा घरीच मिसळतो. मका, सोयाबीन पेंड, कोंडा, शिंपल्यांची भरड, मिनरल मिश्रण. प्रमाणाचा कागद भिंतीवर लावलेला आहे, त्यावर हळदीचं बोट उमटलेलं आहे. कागद उत्तम. मग मी विचारलं, असंच मिसळतोस का?

गणपतीपासून नाही. गेल्या वर्षीचा घरचा मका कोठीत पडून होता, किडा लागायला आला होता, नवा मका यायच्या आत संपवायचा म्हणून मका वाढवला आणि पेंड कमी केली. "मका काय वाईट असतो?"

वाईट नसतो. पण मक्यात ट्रिप्टोफॅन फारच कमी. एवढंच असतं तरी भागलं असतं. मेंदूच्या गाळणीत जे दार ट्रिप्टोफॅनचं आहे तेच ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन, टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लांचंही. दिवाळीच्या आदल्या दिवशी सीबीएसवर लागलेली एसटी डोळ्यांपुढे आणा: दार एक, आणि ज्याची माणसं जास्त तो आत. मक्यात ल्युसिन भरपूर. म्हणजे मका वाढवून पेंड कमी केली की ट्रिप्टोफॅन आधीच थोडं, आणि जे आहे तेही दारातच अडतं.

वहीत हे लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. फार गोड जुळतंय, म्हणून संशय येतो. पेंड कमी झाली तर एकूण प्रथिनही कमी झालं, मेथिओनिन हे अमिनो आम्लही कमी झालं, आणि मेथिओनिन पिसांसाठीच लागतं. त्यांच्या कमतरतेनेही टोचणं वाढतं हे जुनं ज्ञान आहे, त्याला मेंदूची गरजही लागत नाही. शिवाय त्याच सुमारास तलंगा अंड्यावर आल्या, म्हणून मामाने दिवे वाढवले आणि बल्ब काढून झगझगीत एलईडी लावले. तेज उजेडात टोचणं वाढतं. म्हणजे एकाच महिन्यात खाद्य, उजेड आणि वय तिन्ही बदललं. आता कोणाला धरायचं?

मामाने आजपासून कागदाप्रमाणे खाद्य सुरू केलं. उरलेला मका गाईला.

२० ऑक्टोबर

शेडला मधोमध जाळी. अ आणि ब, ९० - ९०. खाद्य दोन्हीकडे सारखं, दिवे दोन्हीकडे मंद केले. फरक एकच: अ मध्ये घासाच्या जुड्या टांगायच्या, भाताच्या पेंढ्याचा एक भारा उघडा ठेवायचा आणि मूठभर गहू रोज तुसात उधळायचा. ब मध्ये काही नाही.

पहिला विचार द्राक्षाच्या काड्यांचा होता. छाटणी चालू आहे, बांधावर ढीग पडलेत, फुकट. मामा गरजला. त्या काड्यांनी वर्षभर बोर्डो आणि काय काय फवारे खाल्लेत, कोंबड्यांना घालतेस? गप्प बसले. घासही बागेच्या वाऱ्याखालचा नको, गोठ्यामागचा घ्यायचा असं ठरलं.

निळी-३ अ मध्ये.

२७ ऑक्टोबर

आठवडाभराचे आकडे वाया. मी नाशिकला असताना मामी रोज दुपारी कोबीचा पाला टाकत होती. दोन्हीकडे. "एकीकडच्यांना द्यायचं आणि दुसरीकडच्यांनी जाळीतून बघायचं, हे मला नाही जमत."

मामीला 'कंट्रोल' समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. शेवटी तह झाला: प्रकल्प संपला की ब वाल्यांना आठवडाभर कोबी.

३ नोव्हेंबर

आज भाऊबीज. आई ओवाळायला, मी मोजायला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या वस्तीवर सुतळी बॉम्ब लागले. कोंबड्या ब मध्ये एका कोपऱ्यात एकीवर एक चढल्या. सकाळी एक मेलेली. गुदमरून नाही, मागचा भाग टोचून आतपर्यंत उघडला होता. ते इथे जास्त लिहीत नाही. रक्त दिसलं की पिसं टोचणाऱ्याच नव्हे, सगळ्याच येतात. आणखी चौघी रक्ताळलेल्या. त्यांना वेगळं काढून जेंशन व्हायोलेट लावलं. लाल झाकलं जातं आणि जखमही कोरडी होते. मामीच्या हळदीकुंकवाच्या साडीवर जांभळे डाग पडले, त्याचा उल्लेख आज चारदा झाला.

भीतीचा धागाही ट्रिप्टोफॅनशी येऊन मिळतो. शरीरातलं बहुतेक ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे जातच नाही, यकृतात कायन्युरेनिन नावाचं दुसरंच द्रव्य बनायच्या वाटेने जातं. ताणात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की यकृतातलं त्या वाटेचं दार आणखी उघडतं. म्हणजे खाद्य तेच असलं तरी घाबरलेल्या कोंबडीच्या मेंदूपर्यंत पोचणारा वाटा कमी होऊ शकतो. माझ्या शेडमध्ये हेच झालं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. माझ्याकडे एक मेलेली कोंबडी आणि जांभळी साडी आहे.

अ मध्ये कोणी मेली नाही. पण अ ची बाजू घराकडची, आवाजापासून लांब. तेव्हा घासाला श्रेय देता येत नाही.

८ नोव्हेंबर

सरांशी दीड तास. मी 'सेरोटोनिन कमी म्हणून टोचणं' असं मथळ्यात लिहून नेलं होतं. त्यांनी पेन्सिलीने 'कोणत्या वयात?' एवढंच लिहिलं.

परत वाचलं आणि बरोबर तिथेच घोळ निघाला. पिल्लांमध्ये टोचणाऱ्या वाणात उलाढाल कमी. पण मोठे पक्षी तपासले तर चित्र उलटं, टोचणाऱ्यांत उलाढाल जास्त. डोपामिनचंही सरळ नाही. २००४ मध्ये डेन्मार्कच्या केअर यांनी मोठ्या कोंबड्यांना हॅलोपेरिडॉल दिलं, जे डोपामिनचा निरोप अडवतं, आणि टोचणं कमी झालं. पिल्लांत डोपामिनची उलाढाल कमी म्हणून टोचणं, आणि मोठ्यांत डोपामिन अडवलं की टोचणं कमी. एका वाक्यात दोन्ही बसत नाहीत.

केअर यांचं म्हणणं असं की खूप टोचणारे पक्षी मुळातच जास्त हलते असतात, एका अर्थाने अतिचंचल. हे निळी-३ ला बघून पटतं. ती कधी बसलेली दिसली नाही. बाकीच्या दुपारी धुळीत लोळतात, एक पंख पसरून डोळे मिटतात. ही चालत असते.

मला आता असं वाटतं की मोठ्या कोंबडीत जे दिसतं ते रसायन कमी की जास्त याचं उत्तर नाहीच. लहानपणी मेंदू बांधला जात असताना सेरोटोनिन त्या बांधकामातही हात लावतं. तेव्हा जे वळण पडलं ते नंतर कायम राहतं. म्हणजे माझा प्रश्नच उशिरा सुरू झालाय. सप्टेंबरमध्ये काय बदललं हे मी शोधत बसले, विचारायला हवं होतं मे महिन्याबद्दल.

१५ नोव्हेंबर

लस टोचणारा माणूस आला होता. त्याचा सल्ला: "चोची कापून टाका सगळ्यांच्या. पिल्लं असतानाच करायचं असतं, तुम्ही केलं नाही ना." मामाने पिल्लांच्या चोची कापल्या नव्हत्या, कारण मोकळ्या कोंबडीला चोच लागते असं त्याचं मत.

मी मध्ये पडले. चोचीच्या टोकात नसांचं जाळं असतं. १९८५ मध्ये ब्रूअर्ड आणि जेंटल यांनी दाखवलं की कापलेल्या चोचीच्या थोटकात नसांच्या गाठी होतात आणि त्या आपोआप निरोप पाठवत राहतात, माणसाच्या तुटलेल्या हातात होतात तशा. आणि कापल्याने इजा कमी होते, ओढ जात नाही.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि वेगळ्याच कारणाने नाही म्हटलं: या वयात कापली तर खाणं सुटेल, अंडी उतरतील. चालेल. कारण कुठलंही असो.

२४ नोव्हेंबर

मे महिन्याबद्दल विचारलं.

पिल्लं आली १० मेला, एक दिवसाची. ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या यंत्राखाली, जुनी वर्तमानपत्रं अंथरली. तसं सगळेच करतात, तीनचार दिवसांनी कागद काढून तूस उघडं करतात. पण यंदा घोटीहून येणारी तुसाची गाडी रखडली. पिल्लं तीन आठवडे कागदावरच होती.

तीन आठवडे उकरायला काही नाही, लोळायला धूळ नाही. स्वित्झर्लंडच्या ह्यूबर-आयशर आणि वेक्सलर यांचं १९९७ चं काम याच वयाचं आहे: पिल्लांना टोचायला, उकरायला सामान मिळालं की पिसं टोचणं कमी. मामाला विचारलं, तेव्हा टोचत होती का? "पायाच्या बोटांना टोचायची. आणि कागदावरच्या अक्षरांना." मग थोडं थांबून, "मी हसायचो."

आजी ओट्यावर गवार मोडत ऐकत होती. तिच्या लहानपणीच्या कोंबड्या सांगायला लागली. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, पिल्लं निघाली की आई त्यांना तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर न्यायची. स्वतः उकरायची, दाणा चोचीत धरून खाली टाकायची, पुन्हा उचलायची, 'टुक टुक' करायची. पिल्लू बघून तिथेच टोचायचं. "यांना कोणी सांगितलं कुठं टोचायचं ते? यांची आई मशीन."

सरांना हे वाक्य मी संदर्भ म्हणून कसं द्यायचं कळत नाही, पण वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.

३० नोव्हेंबर

थंडी. निफाडचा पारा पेपरात यायला लागला. घासाच्या जुड्या आता दुपारपर्यंत संपतात, आधी संध्याकाळपर्यंत पुरायच्या.

जोरात टोचण्याच्या नोंदी दोन्हीकडे उतरल्यात. खाद्य आणि उजेड दोन्हीकडे सुधारला, त्यामुळे ते अपेक्षित होतं. अ मध्ये जास्त उतरल्यात. निळी-३ आज १५ मिनिटांत ४. मधला वेळ पेंढ्याच्या भाऱ्यावर: एक काडी ओढते, टाकते, दुसरी ओढते. पीस उपटताना जो हिसडा देते तोच. काडी गिळत नाही मात्र, थोडी चावून टाकते. तिची ओढ गेलेली नाही, पत्ता बदललाय, आणि तोही पूर्ण नाही.

नव्या पिसांची टोकं ब मधल्या सातआठ जणींच्या पाठीवरही फुटलीत. काट्यासारखी, निळसर. ती फुटली की पुन्हा टोचायला आमंत्रण, हे मामाला सांगून ठेवलंय.

८ डिसेंबर

शेवटची फेरी. परीक्षा जवळ आली, सरांनी पुढच्या आठवड्यात मसुदा मागितलाय. मथळा बदलला: 'अंड्यावरच्या कोंबड्यांतील पिसं टोचणं: वर्तनाच्या नोंदी आणि सेरोटोनिनवरील कामाचा आढावा'. कंटाळवाणा आहे, पण खोटा नाही.

मामा घरी नव्हता. जानेवारीत नवी पिल्लं येणार आहेत. भाताच्या गिरण्या जोरात आहेत तोवर तूस आणून ठेवतो म्हणून पहाटेच घोटीला गेलाय. मामीने सांगितलं, ब्रूडरखाली चौथ्या दिवशी कागद उचलायचा असं त्याने कॅलेंडरवर लिहूनही ठेवलंय, पिल्लांची तारीख पक्की व्हायच्या आधीच.

मी ब मध्ये मोजत होते तेव्हा पलीकडे मामी झाडू घेऊन अ मध्ये शिरली. "काय ग ही पिसं पडलीत सगळीकडं. थांब, झाडून काढते."

"मामी, नको!"

इतक्या जोरात ओरडले की ९० कोंबड्या एकदम उडाल्या, धूळ झाली, मामीच्या हातातून झाडू पडला. धूळ बसेपर्यंत दोघी तशाच उभ्या. मग मी खाली बसले. मामी पदर खोचून दुसऱ्या टोकाने सुरू झाली, काही न विचारता.

तुसावर पडलेली पिसं: अ मध्ये २३, ब मध्ये ४. निळी-३ पेंढ्यावर होती.